काका, फोल्डरला आता हात लावू नका

या वेळचं पत्र एका काकांचं आहे. थोडं कापून देतेय, बाकी शब्द त्यांचेच. (पत्रात रास्पबेरी पाय येईल तो म्हणजे एक छोटासा कॉम्प्युटर, कोडी म्हणजे टीव्हीवर गाणी-सिनेमे लावायचं सॉफ्टवेअर, आणि जेलीफिन हे तशाच कामाचं दुसरं.)

"ताई नमस्कार. वय ६८, रिटायर्ड. घरात कॅसेटी आणि सीड्या होत्या त्या दोन वर्षं बसून सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या, त्यात भाच्याने पेनड्राइव्हवरून दिलेल्या एमपी३ आहेत, मिळून ९४०० फाइली. मुलाने रास्पबेरी पायवर कोडी टाकून टीव्हीला जोडून दिलं आणि तो नोकरीच्या गावी गेला. जाताना म्हणाला, बाबा फोल्डर नीट लावा म्हणजे कोडी आपोआप ओळखेल. मी तीन महिने बसून आधी कलाकार, त्यात अल्बम, त्यात नंबर घालून गाणी असं सगळं लावलं. मग स्कॅन केलं तर एकेका अल्बमचे दहा-दहा तुकडे! कलाकार ६०० च्या वर दाखवतंय, माझ्याकडे दीडशेसुद्धा नाहीत. काही गाण्यांची नावं मधेच तुटलेली, काहींची नुसती प्रश्नचिन्हं. कॅसेटच्या फाइली ४५-४५ मिनिटांच्या, पाचवं गाणं ऐकायचं तर पुढे पळवत बसा. त्यात आमची ही म्हणते, गाणं ऐकायला टीव्ही कशाला लावायचा, मला बटण दाबलं की आवाज आला पाहिजे, नाहीतर जुना टेप काढा माळ्यावरून. कोडी काढून जेलीफिन टाकू का? आणि परत सगळे फोल्डर लावावे लागतील का? आता ताकद नाही हो. — फोल्डरवाला काका"

काका, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते म्हणजे तुम्ही निवांत वाचाल. नाही, परत काही लावायचं नाही. आहे ते फोल्डर आहे तसेच राहू देत, एकाचंही नाव बदलू नका, कारण तुमचं सगळं दुरुस्त होणार आहे ते त्याच फोल्डरांच्या जिवावर. तुम्हाला वाटतंय तीन महिने वाया गेले, पण तसं झालेलं नाही. फक्त ती मेहनत कोडीला दिसत नाहीये एवढंच.

तुमच्या मुलाचं चुकलं असंही म्हणता येत नाही. त्याने अर्धं बरोबर सांगितलं. कोडी सिनेमे आणि मालिका ओळखतं ते फाईलच्या आणि फोल्डरच्या नावावरून, त्यामुळे ज्याने फक्त सिनेमे लावलेत त्याला वाटतं गाण्यांचंही तसंच असणार. गाण्यांचं तसं नाहीये. गाण्याच्या फाईलच्या आत एक छोटी चिठ्ठी असते, तिला टॅग म्हणतात, त्यात गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम, कितवं गाणं, साल असं सगळं लिहिलेलं असतं आणि कोडीची म्युझिक लायब्ररी तेवढीच चिठ्ठी वाचते. फोल्डरचं नाव काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणजे समजा तुम्ही कपाटाच्या प्रत्येक खणावर सुंदर अक्षरात पाट्या लावल्या, पण आतल्या कॅसेटींवर जुनी लेबलं तशीच आहेत, कुणी पेनने खरडलेली, कुणाची निघून गेलेली, आणि तुमच्याकडे आलेला पाहुणा खणाकडे न बघता एकेक कॅसेट उचलून लेबल वाचतोय. ते ६०० कलाकार आले ते तिथून.

आता आजच्या आज करण्यासारखं काय ते सांगते, म्हणजे निदान संध्याकाळी गाणी ऐकता येतील. कोडीत म्युझिकमध्ये गेलात की 'फाइल्स' म्हणून एक जागा आहे. तिथे तुमची हार्डडिस्क दिसेल आणि तिच्यात तुमचे फोल्डर जसेच्या तसे, तुम्ही लावलेल्या क्रमाने. तिथून वाजवा. लायब्ररी बिघडलेली असली तरी या रस्त्याला काही होत नाही. दुसरं म्हणजे सेटिंगमध्ये मीडिया, मग लायब्ररी, तिथे 'शो साँग अँड अल्बम आर्टिस्ट्स' असं एक आहे ते बंद करा. ते चालू असलं की ज्याने एका गाण्यात दोन ओळी म्हटल्या तोसुद्धा कलाकारांच्या यादीत येऊन बसतो, बंद केलं की ज्यांच्या नावावर अख्खा अल्बम आहे तेवढेच दिसतात. नुसत्या या एका गोष्टीने यादी बरीच खाली येते, पण पूर्ण सरळ होणार नाही कारण मूळ चिठ्ठ्याच चुकल्यात. आणि तिथेच जवळपास 'फेच अ‍ॅडिशनल इन्फर्मेशन' असं काहीतरी दिसेल, इंटरनेटवरून कलाकारांची माहिती आणि फोटो आणणारं, ते सध्या बंदच ठेवा. चुकीच्या नावावर चुकीच्या माणसाचा फोटो येऊन बसला की निस्तरायला डबल काम.

पुढचं काम पायवर करायचं नाही. हार्डडिस्क काढून कॉम्प्युटरला लावा, आणि काहीही करायच्या आधी दुसऱ्या डिस्कवर सगळं कॉपी करा. हो हो, माहितीये, सगळेच हे सांगतात आणि कुणीच करत नाही, पण तुमच्या कॅसेटी तुम्ही परत दोन वर्षं बसून वाजवणार आहात का? नाही ना, मग करा. कॉपी झाली की ती दुसरी डिस्क कपाटात, केबल काढून. कॉम्प्युटरला लावलेल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नाही, चुकून भलत्याच डिस्कवर डिलीट मारणारे मी पाहिलेत.

आता मुख्य काम. एमपी३टॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे विंडोजसाठी (लिनक्स असेल तर किड३ घ्या, काम तेच). त्यात तुमचा गाण्यांचा फोल्डर उघडला की एक्सेलसारखी यादी येते, एका ओळीत एक गाणं, आणि रकाने म्हणजे त्या चिठ्ठीतली माहिती. त्यात 'कन्व्हर्ट' मेनूत 'फाइलनेम - टॅग' आहे, ऑल्ट धरून २ दाबलं तरी उघडतं. हे काय करतं, तर फाईलच्या नावातून आणि ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या नावातून माहिती उचलून चिठ्ठीत लिहितं. समजलं का काका? तुम्ही तीन महिने जे फोल्डरवर लिहिलं ते सगळं मशीन आता एकेका फाईलच्या आत उतरवून देणार!

तिथे एक नमुना लिहावा लागतो. प्रत्येक रकान्याचं इंग्रजी नाव दोन टक्के चिन्हांच्या मधे लिहायचं आणि फोल्डर बदलतो तिथे उलटी तिरकी रेघ द्यायची. तुमची रचना कलाकार, अल्बम, नंबर आणि गाणं अशी आहे, म्हणून क्रमाने अल्बमआर्टिस्ट, मग तिरकी रेघ, मग अल्बम, परत तिरकी रेघ, मग ट्रॅक, मग तुम्ही नंबर आणि नावाच्या मधे जे काही घातलं असेल ते (डॅश असेल तर डॅश, नुसती स्पेस असेल तर स्पेस, अगदी तस्संच पाहिजे), आणि शेवटी टायटल. खाली लगेच दाखवतं की या फाईलला असं असं लागेल, ते बघून बरोबर वाटलं तरच ओके करा. पहिल्यांदा एकाच अल्बमवर करा. मग एका कलाकारावर. मग धीर आला की पाच कलाकार. नऊ हजार एकदम नको.

का नको तर माझंच ऐका. मी एकदा रात्री झोप आलेली असताना कंट्रोल ए दाबलं, अल्बमच्या रकान्यात एका अल्बमचं नाव टाइप केलं आणि सेव्ह करून मशीन बंद करून झोपले. मला वाटत होतं मी दहा गाणी सिलेक्ट केलीत, होती तीन हजारांच्या वर. सकाळी माझ्याकडे जगातला सगळ्यात मोठा एकच अल्बम होता. कंट्रोल झेडने मागे घेता येतं पण प्रोग्राम उघडा असेपर्यंतच, तो तर मी बंद केला होता. बॅकअप होता म्हणून वाचले, नाहीतर आज हे सदर कुणीतरी दुसरंच लिहीत असतं.

मी वर 'आर्टिस्ट' न म्हणता 'अल्बमआर्टिस्ट' म्हटलं ते मुद्दाम, तुमच्या दहा तुकड्यांचं कारण तेच आहे. चिठ्ठीत कलाकाराचे दोन वेगळे रकाने असतात. आर्टिस्ट म्हणजे हे एक गाणं कोणी म्हटलं, अल्बम आर्टिस्ट म्हणजे हा अख्खा अल्बम कोणाच्या नावाखाली लावायचा. अल्बमचं नाव आणि अल्बम आर्टिस्ट ही जोडी सगळ्या गाण्यांत सारखी असली की कोडी त्यांना एका अल्बमात बसवतं. भाच्याच्या एमपी३मध्ये हा रकाना बहुतेक रिकामा असणार, मग कोडी आर्टिस्टवरून अंदाज बांधतं, आणि आर्टिस्टमध्ये एका गाण्याला एकटी गायिका, दुसऱ्याला ती आणि आणखी एकजण, तिसऱ्याला कोरससकट सगळी फौज. झाले तुकडे. तुमच्या वरच्या फोल्डरचं नाव अल्बम आर्टिस्टमध्ये गेलं की आर्टिस्टच्या रकान्यात काहीही असू दे, अल्बम एकत्र येतो. आणि आर्टिस्टचा रकाना आहे तसा ठेवा, त्यात खरी माहिती असते, कोणी कोणासोबत म्हटलंय ती. ज्यांचा अगदीच रिकामा असेल तेवढे त्या रकान्यावर क्लिक करून सॉर्ट करा, रिकामे सगळे एका जागी येतात, मग भरा.

निरनिराळ्या लोकांच्या गाण्यांचे जे संग्रह असतात त्यांना अल्बम आर्टिस्ट म्हणून इंग्रजीत 'व्हेरिअस आर्टिस्ट्स' लिहा आणि 'कम्पायलेशन'च्या रकान्यात १ टाका. तुम्ही त्या फोल्डरला 'मिश्र' किंवा 'इतर' म्हटलं असेल तर चालेलच, पण मग मिश्र नावाचा एक कलाकार यादीत दिसेल, तुम्हाला हरकत नसेल तर मला काय!

एक सावधान. जिथे फाईलचं नावच 'ट्रॅक ०१' आहे तिथे नमुन्यात टायटल घालू नका, नाहीतर आत असलेलं चांगलं नाव पुसून तिथे 'ट्रॅक ०१' बसेल. अशा फाइलींसाठी शेवटी टायटलऐवजी 'डमी' लिहितात, म्हणजे मशीन तेवढा भाग वाचून सोडून देतं.

तुटलेल्या नावांचं. यात तुमचा दोष नाही आणि भाच्याचाही नाही. एमपी३ची पहिली टॅग पद्धत १९९६ ची, तिच्यात सगळी चिठ्ठी मिळून १२८ बाइटची, गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. एकतिसावं अक्षर गेलं हवेत. तुमची तुटलेली नावं मोजून बघा, इंग्रजी लिपीत असतील तर बहुतेक बरोब्बर तीसवर तुटली असतील (मला हे मोजायला उगाच मजा येते). प्रश्नचिन्हं येतात तीही तशीच, जुन्या पद्धतीत देवनागरीला जागाच नव्हती. त्यावर इलाज म्हणजे एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये टॅग लिहिण्याची पद्धत आयडी३ आवृत्ती २.३ आणि यूटीएफ-१६ अशी निवडा. नवीन नावं फोल्डरवरून येणारच आहेत, ती मग पूर्ण लांबीची आणि कुठल्याही लिपीत लिहिली जातील. आणि टॅगमध्ये देवनागरी बरोबर असूनही टीव्हीवर चौकोन दिसले तर ती फाईलची चूक नाही, कोडीच्या स्किनच्या (म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या रूपाच्या) सेटिंगमध्ये फॉन्ट बदलून बघा.

तुम्ही मराठीत लिहा नाहीतर इंग्रजीत, पण एका माणसाचं एकच नाव ठेवा. मशीनला 'जोशी' आणि 'जोशी' च्या पुढे चुकून पडलेली स्पेस हे दोन वेगळे लोक वाटतात. आद्याक्षरांमधे टिंब दिलं, नाही दिलं, मधे जागा सोडली, नाही सोडली, झाले चार कलाकार. आर्टिस्टच्या रकान्यावर सॉर्ट करा, सारखी दिसणारी नावं खालीवर येतात, सगळी निवडून एकदाच नाव लिहा आणि कंट्रोल एस. कंटाळवाणं आहे पण गाणी ऐकत ऐकत होतं. दोन गायक असतील तर मधे अर्धविराम द्या, किंवा स्पेस, साधी तिरकी रेघ (/, मघाची उलटी नव्हे), स्पेस. 'आणि' किंवा स्वल्पविराम दिला तर ती दोन माणसं मिळून तिसराच एक माणूस तयार होतो. तुमच्या ६०० मध्ये असे जोडकलाकार भरपूर असणार बघा.

आता तुमच्या कॅसेटी. ४५ मिनिटांची फाईल म्हणतायत म्हणजे एक अख्खी साईड, आणि माझा अंदाज ती वेव्ह फॉरमॅटमध्ये असणार, साधारण पावणेपाचशे एमबीची. वेव्हला टॅगचं वावडं आहे. म्हणजे लिहिता येतात पण एक सॉफ्टवेअर लिहितं ते दुसऱ्याला दिसत नाही, असा सगळा कारभार. म्हणून या फाइली फ्लॅकमध्ये बदलून घ्या. फ्लॅक २००१ पासून आहे, फुकट आहे, आवाजातलं काहीही टाकून देत नाही, नुसतं घट्ट बांधून ठेवतं, साईझ साधारण निम्म्याच्या आसपास येते आणि टॅग पक्के राहतात, देवनागरीसकट. (भाच्याच्या एमपी३ मात्र फ्लॅक करत बसू नका. एमपी३ करताना जे गेलं ते गेलं, मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून आमटी वाढत नाही.)

तुकडे करायला ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर. फाईल उघडली की लाटांसारखं चित्र येतं, गाणं संपलं की लाट बसते, तिथे क्लिक करून कंट्रोल बी दाबा आणि पुढे सुरू होणाऱ्या गाण्याचं नाव टाइप करा (पहिल्या गाण्याचं लेबल अगदी सुरुवातीला). अशी सगळ्या साईडवर लेबलं लावून झाली की एक्स्पोर्ट करताना 'मल्टिपल फाइल्स' निवडा आणि लेबलांप्रमाणे तोडायला सांगा, प्रत्येक गाण्याची वेगळी फाईल होऊन बाहेर पडते, नावासकट. शांतता शोधून आपोआप लेबलं लावायचीही सोय आहे पण कॅसेटवर तिचा भरवसा धरू नका. टेपची जी खसखस असते ती मशीनला शांतता वाटतच नाही, आणि गाण्यातच कुणी दोन सेकंद श्वास घ्यायला थांबलं की तिथे सुरी चालते. मैफिलीचं रेकॉर्डिंग असेल तर टाळ्या. डोळ्यांनी आणि कानांनीच करा.

आणि तेही नको वाटत असेल, खरंच ताकद नसेल, तर न कापताही जमतं. क्यू शीट म्हणून एक साधी टेक्स्ट फाईल असते, तिच्यात नुसतं लिहायचं की पहिलं गाणं शून्यापासून, दुसरं ५ मिनिटं १२ सेकंदांपासून, असं. ती त्या मोठ्या फाईलच्या शेजारी ठेवली की कोडी एकाच फाइलीतली आठ गाणी आठ म्हणून दाखवतं. मूळ फाईलला धक्काही लागत नाही. मला विचाराल तर ज्या कॅसेटी तुम्ही खरंच परत परत ऐकता त्या कापा, बाकीच्यांना क्यू शीट, आणि ज्या कधीच ऐकत नाही त्या तशाच पडू द्या. सगळं एकसारखं झालंच पाहिजे असा काही नियम नाही.

तुम्हाला कुणीतरी पिकार्ड वापरा म्हणून सांगेलच, म्हणून आधीच बोलते. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड गाणं 'ऐकून' ओळखतं आणि टॅग आपोआप भरतं. चांगलं आहे, पण तुमच्या सीड्यांपुरतं वापरा. अख्खा अल्बम एकत्र घालून 'लुकअप' करायचं, मग बरोबर सापडण्याची शक्यता बरी असते. नुसतं 'स्कॅन' दाबून हजार गाणी सोडलीत तर एकाच अल्बमातली गाणी त्याला वेगवेगळ्या संग्रहांत सापडतात आणि परत तुकडे. कॅसेटवर तर चालणंच मुश्कील, कारण ती ओळख पटते पहिल्या दोनेक मिनिटांच्या ठशावरून आणि गाण्याच्या लांबीवरून. तुमची ४५ मिनिटांची साईड त्या हिशोबात बसत नाही, आणि कापलेलं गाणंसुद्धा तुमच्या टेपचा स्पीड जरा इकडेतिकडे असेल तर ओळखीचं वाटत नाही त्याला. आणि जे त्यांच्या यादीत मुळातच नाही ते कुठून सापडणार!

चित्रं सोपी आहेत. प्रत्येक अल्बमच्या फोल्डरात कव्हरचा फोटो इंग्रजीत 'फोल्डर' नावाने जेपीजी करून ठेवा, कोडी उचलतं. कॅसेटच्या आतल्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो उत्तम, माझ्याकडे एकावर चहाचा डाग आहे तो तसाच ठेवलाय.

एवढं झालं की डिस्क परत पायला लावून म्युझिक लायब्ररी अपडेट करा. अपडेट करूनही काहीच बदललं नाही असं वाटलं तर घाबरू नका. फोल्डरातल्या फाइलींची तारीख किंवा साईझ बदललेली दिसली तरच कोडी तो फोल्डर परत वाचतं, आणि एमपी३टॅगमध्ये 'फाईलची जुनी तारीख तशीच ठेवा' अशा अर्थाचा एक टिकमार्क आहे, तो चालू असला की कोडीला कळतच नाही की काही बदललंय. तो काढून परत सेव्ह करा. जुनी भुतं काढायला 'क्लीन लायब्ररी' आहे, पण ते डिस्क जोडलेली आहे ना, दिसतेय ना, हे बघूनच दाबा. डिस्क नसताना साफसफाई केली की त्याला वाटतं गाणीच नाहीत, आणि लायब्ररीतून सगळं उडवतं. फाइली राहतात, पण कितीदा वाजवलं, किती स्टार दिले ते सगळं गेलं.

जेलीफिनचं एका परिच्छेदात सांगते. नको. म्हणजे वाईट आहे म्हणून नाही, छानच आहे, पण तुमचा त्रास तिथेही जसाच्या तसा येईल, कारण तेही टॅगच वाचतं. नॅव्हिड्रोम घ्या, प्लेक्स घ्या, सगळे चिठ्ठीच वाचणारे. फरक वेगळीकडे आहे. कोडी २००२ मध्ये एक्सबॉक्स नावाच्या गेमच्या डब्यावर सुरू झालं, २०१४ पर्यंत त्याचं नावही एक्सबीएमसी होतं, म्हणून त्याचा पिंडच टीव्हीसमोर बसून रिमोटने चालवायचा, जिथे जोडलंय तिथेच वाजणार. जेलीफिन (२०१८ च्या डिसेंबरात एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरपासून फुटून निघालं) हा सर्व्हर आहे, एका जागी गाणी ठेवायची आणि स्वयंपाकघरातल्या टॅबवर, मुलाच्या फोनवर, कुठेही ऐकायची. उद्या मुलगा म्हणाला बाबा मला पण तुमची गाणी ऐकायचीत, तेव्हा त्यालाच सांगा टाकून दे म्हणून. टॅग नीट असले की त्या दिवशी तुम्हाला काहीच करावं लागणार नाही.

आता काकूंचं, आणि खरं सांगू का, सगळ्या पत्रात सगळ्यात रास्त मागणी त्यांची आहे. आवाज सध्या एचडीएमआयच्या केबलमधून टीव्हीत जातो म्हणून टीव्ही लावावा लागतो. पायला एक छोटा यूएसबी डॅक लावा (यूएसबीमधून आवाज बाहेर काढणारी डबी), तो अ‍ॅम्प्लिफायरला किंवा अ‍ॅक्टिव्ह स्पीकरला (ज्याच्या आतच अ‍ॅम्प्लिफायर असतो) जोडा, आणि कोडीच्या सिस्टिम सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट एचडीएमआयवरून त्या डॅकवर करा. पाय ४ वर हेडफोनचं भोक आहे त्यातूनही आवाज येतो पण दर्जा यथातथाच, आणि पाय ५ वर तर ते भोकच ठेवलेलं नाही. सिनेमा बघताना आवाजही मग स्पीकरमधूनच येईल, ते चांगलंच. शिवाय टीव्ही बंद केला की कोडीसुद्धा बंद पडत असेल तर इनपुटच्या सेटिंगमध्ये सीईसी म्हणून आहे, तिथे टीव्ही बंद झाल्यावर काय करायचं ते 'इग्नोर' करा.

टीव्ही बंद असताना टीव्हीचा रिमोट काही कामाचा नाही हे लक्षात घ्या, तो रिमोट टीव्हीशी बोलतो आणि टीव्ही पायशी बोलतो, मधला माणूस झोपला की निरोप पोचत नाही. फोनवरून चालवायचं तर कोडीवाल्यांचंच कोर नावाचं अ‍ॅप आहे अँड्रॉइडसाठी, कोडीत सर्व्हिसेसमध्ये एचटीटीपीवरून कंट्रोल करू देणारं सेटिंग चालू करायचं, पासवर्ड द्यायचा, की फोनवर तुमची सगळी लायब्ररी. तुम्हाला ते आवडेल. काकूंना आवडणार नाही, त्यांनी बटण म्हटलंय.

तर बटण द्या. ज्याचा यूएसबीचा छोटा तुकडा पायमध्ये खोचायचा असतो असा वायरलेस रिमोट घ्या, तो टीव्हीवर अवलंबून नसतो. मग कोडीत एक स्मार्ट प्लेलिस्ट बनवा. नियम काय घालायचे ते काकूंना विचारून. उदाहरणार्थ त्यांचे आवडते चार अल्बम आर्टिस्ट यांपैकी कुणीही, शेवटचं वाजवलेलं गेल्या ३० दिवसांत नाही, क्रम रँडम, मर्यादा ५० गाणी. म्हणजे रोज दाबलं तरी कालचीच गाणी आज येत नाहीत. हे नियमसुद्धा टॅगवरच चालतात, म्हणून ते काम आधी. शेवटी रिमोटचं एक बटण त्या प्लेलिस्टला जोडायचं, त्याला कीमॅपच्या फाइलीत (कुठल्या बटणाने काय करायचं ते जिथे लिहिलेलं असतं) प्लेमीडियाची एक ओळ लिहावी लागते. ती तुम्ही लिहीत बसू नका, मुलाला फोन करून लिहून घ्या, फोल्डरचं त्यानेच सांगितलं होतं ना!

एक राहिलंच. तुमच्या कॅसेटी हळू वाजत असणार आणि भाच्याची गाणी कानठळ्या बसवणार, रँडममध्ये एकामागून एक आली की काकू ते बटण दाबणंच सोडतील. कॉम्प्युटरवर फूबार२००० नावाच्या प्लेअरमध्ये सगळी गाणी टाकून रिप्लेगेन स्कॅन करून घ्या, ते आवाज बदलत नाही, फक्त हे गाणं किती वर-खाली करून वाजवायचं तो आकडा टॅगमध्ये लिहितं, आणि कोडीच्या प्लेअर सेटिंगमध्ये रिप्लेगेन 'ट्रॅक'वर ठेवा. तुम्ही एकटे बसून अख्खा अल्बम ऐकणार असाल तेव्हा 'अल्बम'वर करा. हे स्कॅन रात्री लावून झोपलं तरी चालतं, माझ्यासारखं झोपेत सेव्ह मात्र काही करू नका.